हप्ता कधी चुकवला नाही, तरी हे पत्र का?

वाचक ताईंचं पत्र थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील काढून:

नवरा, मी आणि नऊ वर्षांचा मुलगा असे आम्ही तिघं इंग्लंडमध्ये राहतो. नवऱ्याच्या कंपनीने बदलीवर पाठवलं होतं, २०२२ मध्ये व्हिसा बदलून घेतला. तेव्हा तिघांचा तीन वर्षांचा हेल्थ सरचार्ज (व्हिसाबरोबर इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायची रक्कम), ५,१५४ पौंड, एकरकमी भरायचा होता. तो माझ्या क्रेडिट कार्डावर टाकला. पुढच्या वर्षी सासऱ्यांच्या आजारपणात तातडीने तिकिटं काढावी लागली, तीही कार्डावरच. माझं काम अर्धवेळ आहे, किराणाही अधूनमधून त्यावर होतो. मिनिमम रक्कम डायरेक्ट डेबिटने, म्हणजे खात्यातून आपोआप जाते, एकदाही चुकलेली नाही. तरी आज बाकी ५,९८० पौंड आहे, व्याजदर २४.९ टक्के. घरी सासू-सासऱ्यांना दरमहा २०,००० रुपये पाठवतो. मागच्या आठवड्यात बँकेचं तिसरं पत्र आलं: तुम्ही ‘पर्सिस्टंट डेट’मध्ये आहात, दिलेल्या पर्यायांपैकी एक निवडा, नाहीतर कार्ड बंद करू. आधीची दोन पत्रं मी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये डाळींच्या पाकिटांमागे ठेवली आहेत. बाकी एवढी आहे हे नवऱ्याला माहीत नाही. आई सांगलीत पाटल्या गहाण ठेवून पैसे द्यायला तयार आहे. इथल्या मैत्रिणींच्या भिशीतला नंबर आधी मागून घेऊ का? की दुसरं कार्ड काढू? मुलाच्या शिक्षणासाठी भारतात ठेवलेली तीन लाखांची एफडी मोडायला मन होत नाही. आम्ही काही ऋण काढून सण केला नाही. वेळेवर पैसे भरणाऱ्याला बँक थकबाकीदार का ठरवते? आणि पुढे कायम वास्तव्याचा अर्ज करायचा आहे, त्याला याने डाग लागेल का?

ताई,

पुढचं वाचण्याआधी एक करा. ते तिसरं पत्र बाहेर काढा आणि उत्तर द्यायची मुदत कुठे छापली आहे ते बघा. ती तारीख फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहा. डाळींच्या पाकिटांमागची दोन पत्रंही काढा आणि तिन्ही तारखांप्रमाणे लावून ठेवा. इथे मोफत कर्जसल्ला देणाऱ्या एका केंद्रात मी काही वर्षं स्वयंसेवक म्हणून बसते. न उघडलेल्या पाकिटांनी भरलेली कापडी पिशवी टेबलावर ठेवून माणसं समोर बसतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. पाकिटं उघडून चवड लागली की त्यांचे खांदे जरा सैल होतात. आकडे तेच असतात, पण ते डोळ्यांसमोर आलेले असतात.

आता तुमचा पहिला प्रश्न. बँकेने तुम्हाला थकबाकीदार म्हटलेलं नाही. पत्र पुन्हा वाचा, तो शब्द तुम्हाला सापडणार नाही. थकबाकी म्हणजे हप्ता चुकणं, आणि तुमचा एकही चुकलेला नाही. बँक वेगळंच सांगते आहे: गेली कित्येक वर्षं तुम्ही जेवढं मुद्दल फेडलं, त्याहून जास्त पैसे व्याजात आणि आकारात गेले. ‘पर्सिस्टंट डेट’ला मराठीत मी ‘चिवट कर्ज’ म्हणते. हप्ता वेळेवर जातो आणि मुद्दलाला जेमतेम हात लागतो, असं कर्ज.

तुमच्या पत्रात एक गृहीत आहे आणि ते आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असतं: वेळेवर भरणं म्हणजे फेडणं. आपण वाढलो ते घराच्या, स्कूटरच्या हप्त्यांच्या जगात. तिथे हे खरं असतं. हप्ता ठरलेला, मुदत ठरलेली, भरत राहिलं की एक दिवस कर्ज संपतं. कार्डाचं मिनिमम हा तसा हप्ता नाही. त्याला शेवटची तारीख नाही, आणि बाकी जसजशी कमी होते तसतसं तेही कमी होत जातं. कर्ज संपवण्याचा वेग दर महिन्याला आपोआप मंदावतो.

तुमच्याच आकड्यांवर बघू. हिशेब सोपा जावा म्हणून बाकी ६,००० पौंड धरते. २४.९ टक्क्यांचा वार्षिक दर महिन्याला साधारण १.८७ टक्के पडतो, म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याज ११२ पौंड. इथल्या पुष्कळ कार्डांवर मिनिमम म्हणजे त्या महिन्याचं व्याज अधिक बाकीचा एक टक्का, आणि किमान २५ पौंड. तुमच्या कार्डाचं सूत्र स्टेटमेंटवर किंवा करारात असेल, पण याच्या जवळपासच निघेल. तर ११२ अधिक ६० असे १७२ पौंड गेले. तुम्हाला १७२ पौंड भरल्याचं समाधान, मुद्दलातून सुटले ६०.

असं दीड वर्ष करा, कार्डावर एक पौंडही नवा खर्च न करता. १८ महिन्यांत साधारण २,८५० पौंड भरले जातील. त्यातले जवळजवळ १,८६० व्याजाचे आणि ९९० मुद्दलाचे. बँकेचं पत्र नेमकं हेच सांगतं आहे. तुमच्या बाबतीत किराणा आणि तिकिटांनी ते फेडलेलं मुद्दलही परत वर चढवलं. म्हणून तीन वर्षांनंतरही बाकी सहा हजारांपाशीच आहे. बाकी पूर्ण फेडली जात नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसही बहुतेक मिळत नाहीत, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. शनिवारी घेतलेल्या कोथिंबिरीवरही व्याज लागायला सुरुवात झालेली असते.

असंच फक्त मिनिमम भरत राहिलात तर सहा हजार फिटायला सुमारे २१ वर्षं लागतील आणि व्याज दहा हजारांच्या वर जाईल. मुलगा तिशीचा होईल.

आता हे बघा. कार्ड वापरणं थांबवलं आणि आजचं १७२ पौंडांचं मिनिमम तिथेच गोठवलं, म्हणजे पुढच्या महिन्यात बँक १७० मागेल, त्याच्या पुढच्या महिन्यात १६९ मागेल, तरी तुम्ही १७२च भरलेत, तर हेच कर्ज चार वर्षं नऊ महिन्यांत संपतं. व्याज साधारण ३,८००. दरमहा आजच्यापेक्षा एक पौंडही जास्त न भरता सोळा वर्षं वाचतात. आणि १७२ ऐवजी १९० केलेत तर चार वर्षांत सुटका. २३० झेपले तर तीन वर्षांत.

हा १७२ आणि १९० मधला फरक ध्यानात ठेवा. बँकेशी बोलताना तो कामाला येणार आहे.

तुम्ही लिहिता, ‘बँक जेवढे मागते तेवढे भरतो, अजून काय करायचं?’ तुमचा यात वेडेपणा नाही. वॉरिक विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ नील स्टुअर्ट यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं होतं की बिलावर मिनिममचा आकडा छापलेला असला की लोक तो नसताना भरतील त्यापेक्षा कमी भरतात. तो आकडा जहाजाच्या नांगरासारखा मनाला खाली धरून ठेवतो. ॲपच्या पडद्यावर तीन गोल असतात: मिनिमम, पूर्ण बाकी, दुसरी रक्कम. पूर्ण बाकी झेपत नाही, ‘दुसरी रक्कम’ला स्वतः विचार करून आकडा लिहावा लागतो, म्हणून अंगठा पहिल्या गोलावर जातो. डायरेक्ट डेबिट एकदा त्यावर लावला की पुन्हा कोणी ते बघत नाही.

याच कारणासाठी इथल्या नियामकाने, फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने, नियम केला. तो १ मार्च २०१८ पासून लागू झाला आणि कार्ड कंपन्यांना तयारीसाठी त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपर्यंत वेळ मिळाला. १८ महिन्यांत व्याज आणि आकार मुद्दलापेक्षा जास्त गेले की कंपनीने ग्राहकाला कळवायचं आणि शक्य असेल तर जास्त भरायला सांगायचं. ते तुमचं पहिलं पत्र. नऊएक महिन्यांनी पुन्हा आठवण द्यायची. ते दुसरं. आणि ३६ महिने झाले, पुढची दीड वर्षंही तशीच गेली, की नुसतं सांगून भागत नाही. वाजवी मुदतीत, साधारण तीन ते चार वर्षांत, कर्ज फिटेल असा मार्ग कंपनीने पुढे ठेवायचा. आणि ग्राहकाला तोही झेपत नसेल तर कंपनीने सवलत द्यायची: व्याज कमी करणं, काही काळ थांबवणं किंवा माफ करणं याचा विचार करायचा.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. तुमच्या हातातलं तिसरं पत्र धमकीचं वाटतं, कारण त्यात ‘कार्ड बंद’ असे शब्द आहेत. पण या पत्राने बँकेवरही एक जबाबदारी टाकली आहे. उत्तर दिलंत तर ती जबाबदारी तुमच्या उपयोगाची. उत्तर दिलं नाहीत तर बँकेला कार्ड थांबवावं लागतं आणि व्याज मात्र पूर्वीसारखंच चालू राहतं. ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या पत्रातून तुमच्या वाट्याला फक्त तोटा येतो.

कार्ड बंद झालं तर काय, ही भीती मला समजते. परदेशात, नातेवाईक लांब, रात्री-बेरात्री तिकीट काढावं लागलं तर ते कार्ड हाच आधार वाटतो. पण खरं सांगते, बाकी सहा हजारांवर असलेलं कार्ड आधार देत नाही, व्याज घेतं. ते तसंही थांबवायला हवं होतं. बँकेने केलं काय, तुम्ही केलं काय. आणि कार्ड वापरायला बंद झालं म्हणजे सगळी बाकी उद्याच मागितली जात नाही, ती ठरलेल्या हप्त्यांनी फेडता येते.

आता पैसे कुठून आणायचे. तुम्ही चार वाटा लिहिल्या आहेत.

एफडीपासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं मन अडलं आहे. तीन लाख, म्हणजे साधारण अडीच हजार पौंड. त्यावर सात टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत असेल आणि इथे तुम्ही २४.९ टक्के देता. ‘मुलाच्या शिक्षणाचे पैसे’ असं नाव दिल्यामुळे ते पवित्र झाले आहेत. पण दर वर्षी तुम्ही त्यावर कमावता त्याच्या तिप्पट-चौपट पैसे तेवढ्याच कर्जावर व्याज म्हणून जातात, आणि तेही मुलाच्याच घरातून जातात. एनआरई खात्यातली (परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या खात्यातली) ठेव असेल तर मुद्दल आणि व्याज इकडे आणायला अडचण नाही. मुदतीआधी मोडण्याचा दंड किती, आणि एक वर्ष पूर्ण झालंय ना, ते आधी बघा, कारण एनआरई ठेव वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही. माझा सल्ला: मोडा, पण सगळे कार्डावर ओतू नका. दोन हजार कार्डावर भरा, पाचशे इथल्या बचत खात्यात अडीअडचणीला ठेवा. ते पाचशे नसले की बॉयलर बिघडला तरी कार्ड परत बाहेर येतं. बाकी चार हजारांवर आली आणि दरमहा १९० चालू राहिले तर सवादोन वर्षांत काम होतं. मग ते १९० मुलाच्या नावाने टाका. एफडी पुन्हा भरायला फार वेळ लागणार नाही.

आईच्या पाटल्या नकोत. नुसता व्याजाचा हिशेब केला तर सोनेतारण कार्डापेक्षा स्वस्त पडेल, हे मी लपवत नाही. पण ते कर्ज आईच्या नावावर, आईच्या हातातल्या सोन्यावर असेल. तुमचा एखादा महिना तंग गेला तर इथल्या बँकेची नोटीस येईल तशी तिथल्या बँकेची आईला जाईल. या वयात तिला ती काळजी द्यायला नको. इथे बँक तुम्हाला सवलत द्यायला बांधील आहे, सांगलीत आईला तशी सवलत मागावी लागेल. शिवाय दुसऱ्या कोणाच्या पैशाने कार्ड एका फटक्यात शून्यावर आलं आणि उघडं राहिलं तर ते पुन्हा भरतं. हे मी तुमच्यावर संशय म्हणून म्हणत नाही. अनेक घरांत असं होताना पाहिलं आहे.

भिशी मला मनापासून आवडते. व्याज नाही, कागदपत्रं नाहीत, विश्वासावर चालते. तुमचा नंबर आधी लागला तर ती बिनव्याजी उसनवारीच. पण नंबर घेतल्यावर पुढचे महिने हप्ता चुकवता येत नाही, चुकला तर दहा मैत्रिणींची रक्कम अडते. बँकेला ‘या महिन्यात जमत नाही’ म्हणता येतं. गणपतीला, हळदीकुंकवाला जिच्या घरी जायचं तिला म्हणणं फार जड जातं. भिशीत आधीच असाल आणि नंबर यायचाच असेल, तर आलेली रक्कम सरळ कार्डावर भरा. फक्त यासाठी नवी भिशी लावू नका.

दुसरं कार्ड. इथे ‘बॅलन्स ट्रान्स्फर’ची शून्य टक्क्यांची कार्डं असतात, वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून जास्त काळ व्याज नाही. सुरुवातीला फी असते. ती तीन टक्के धरली तर सहा हजारांवर १८० पौंड. तुमच्या दीड महिन्याच्या व्याजाच्या आसपासच, म्हणजे गणितात चांगला सौदा. पण तुमचं एक कार्ड जवळजवळ भरलेलं आहे आणि उत्पन्न अर्धवेळचं, त्यामुळे पूर्ण रकमेसाठी मंजुरी मिळेलच असं नाही. आधी ‘पात्रता तपासणी’ करा, तिची खूण क्रेडिट रेकॉर्डवर इतर कंपन्यांना दिसत नाही. एकामागून एक अर्ज टाकत सुटू नका, ते सगळे दिसतात. मिळालंच तर नव्या कार्डावर एक पौंडाचीही खरेदी नाही, जुनं कार्ड बंद, आणि बाकीला शून्य टक्क्यांच्या महिन्यांनी भागून येईल तेवढा डायरेक्ट डेबिट. हे तीनही जमणार नसेल तर एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घालण्यापलीकडे काही होणार नाही.

आता एक बोलते, राग मानू नका. घरी जाणारे २०,००० रुपये. ते साधारण १७० पौंड होतात. तुमचं मिनिमम १७२. म्हणजे घरी पाठवता तेवढेच पैसे बँकेला जातात, आणि घरची रक्कम गेल्यावर महिन्याच्या शेवटी किराणा कार्डावर होतो. एका अर्थाने सासऱ्यांना पाठवलेल्या पैशातला काही भाग तुम्ही २४.९ टक्क्यांनी उचलून पाठवता आहात. पाठवणं बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. औषधं आणि डॉक्टर यांना हात लावायचा नाही. पण त्या वीस हजारांतलं औषधाला किती जातं आणि सवयीने किती, हे कधी विचारलं आहे का? आमच्याकडे एका बाईंनी घरी विचारलं तेव्हा कळलं की सासरे त्यातले निम्मे दर महिन्याला नातवाच्या नावाने पोस्टात ठेवत होते. इथे सून कार्डावर दूध आणत होती. दोन्हीकडे मायाच होती, फक्त कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

हे विचारायचं तर नवऱ्याला आधी सांगावं लागेल. मला वाटतं, तुमच्या पत्रातली सगळ्यात जड गोष्ट हीच आहे. तुम्ही लिहिलंत, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची.’ ताई, या मुठीत दर महिन्याला ११२ पौंडांचं व्याज वाढतं आहे. कार्ड तुमच्या एकटीच्या नावावर आहे. इथल्या कायद्याने लग्न झालं म्हणून तुमचं कर्ज नवऱ्याचं होत नाही, आणि संयुक्त कर्ज किंवा संयुक्त खातं नसेल तर निव्वळ नवरा-बायको असल्यामुळे तुमच्या क्रेडिट रेकॉर्डची त्याच्या रेकॉर्डशी गाठ पडत नाही. त्यामुळे कायद्याने सांगायलाच हवं असं नाही. पण हे कर्ज तुम्ही एकटीने केलेलं नाही. सरचार्ज तिघांचा होता, तिकिटं त्याच्या वडिलांसाठी होती. फेडायलाही दोघं लागतील. रविवारी मुलगा खेळायला गेला की तिन्ही पत्रं आणि एक कोरा कागद घेऊन बसा. कागदावर फक्त चार ओळी लिहा: ५,१५४ कशाचे, तिकिटांचे किती, व्याजात किती गेले, आज बाकी किती. माफी मागण्यापासून सुरुवात करू नका. आकड्यांपासून करा. तो चिडला तर चिडेल, पण त्याला जे वाईट वाटेल ते बहुतेक याचं वाटेल की तुम्ही तीन वर्षं हे एकटीने वाहिलंत. नवऱ्याला सांगितल्यावर घरात धोका होईल अशी भीती कोणाला असेल, तर मात्र हा सल्ला तिच्यासाठी नाही. तिने आधी सल्ला केंद्राशी एकटीने बोलावं.

बँकेला फोन करण्याआधी अर्धा तास काढून महिन्याची जमाखर्चाची यादी करा. भाडं, काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी), गॅस-वीज, किराणा, प्रवास, मुलाचे खर्च, घरी पाठवायचे. पहिले तीन कार्डाच्या आधी, हे पक्कं. कार्डासाठी भाडं थकवायचं नाही, काउन्सिल टॅक्स तर मुळीच नाही, कारण त्याची वसुली कार्डापेक्षा फार कडक असते. यादीतून खरोखर किती उरतात ते बघा. १९० किंवा जास्त उरत असतील तर बँकेला सांगा: ‘चार वर्षांत फिटेल असा ठरलेला हप्ता करून द्या, डायरेक्ट डेबिट मिनिममवरून त्या ठरलेल्या रकमेवर बदला.’ १२० च उरत असतील तर तेही तसंच सांगा, ओढाताण करून जास्त कबूल करू नका: ‘मला एवढंच झेपतं, नियमाप्रमाणे व्याजात काय सवलत देता ते लेखी कळवा.’ इंग्रजीत फोनवर बोलायला अवघड वाटत असेल तर पत्र किंवा ॲपमधल्या संदेशाने लिहा, त्यात कमीपणा नाही आणि लेखी पुरावाही राहतो. व्याजसवलतीची व्यवस्था क्रेडिट रेकॉर्डवर नोंदली जाऊ शकते. घर घ्यायचा विचार वर्षभरात असेल तर ते आधी विचारून घ्या. तसा विचार नसेल तर त्या नोंदीपेक्षा २१ वर्षांचं व्याज कितीतरी वाईट.

बँकेने दाद दिली नाही तर लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे जाता येतं, फुकट. आणि एकापेक्षा जास्त कर्जं असतील, हप्ते चुकू लागले असतील, तर स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन किंवा सिटिझन्स ॲडव्हाइसकडे जा. तिन्ही मोफत. इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘ब्रीदिंग स्पेस’ नावाची सोयही ४ मे २०२१ पासून आहे. सल्लागारामार्फत अर्ज केला की बहुतेक कर्जांवरचं व्याज आणि वसुली ६० दिवस थांबते. तुम्हाला तिची गरज पडेल असं मला वाटत नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाला तरी पडेल. फेसबुकवर ‘सरकारी योजनेतून ८० टक्के कर्ज माफ’ अशा जाहिराती दिसतात, त्यांना नंबर देऊ नका.

व्हिसा. हे सदर त्यासाठी नाही, म्हणून थोडक्यात. खाजगी बँकेच्या कार्डावर बाकी आहे आणि तुम्ही ती फेडता आहात, एवढ्याने कायम वास्तव्याचा अर्ज नाकारला जात नाही. व्हिसाच्या नियमांत कर्जाचा मुद्दा येतो तो मुख्यतः एनएचएसचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं, ५०० पौंड किंवा त्याहून जास्त थकलेलं बिल आणि व्हिसा देणाऱ्या होम ऑफिसशी झालेल्या खटल्याचा थकलेला खर्च यांचा. मोफत कर्जसल्ला घेणं म्हणजे ‘पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदत, घेणं नाही, त्यामुळे व्हिसावर ‘नो रिकोर्स’ (अशी मदत मिळणार नाही) असं लिहिलेलं असलं तरी सल्ला केंद्रात या. मात्र नियम बदलत असतात. अर्ज करताना त्या दिवशीचे नियम बघा, आणि कोणाविरुद्ध कोर्टाचा निकाल लागला असेल तर परवानाधारक सल्लागाराला विचारा.

तुमच्या भावाने पुण्यात कार्ड काढलं आहे असं तुम्ही जाताजाता लिहिलं आहे. त्यालाही हे वाचायला द्या. इथला ३६ महिन्यांचा नियम तिथे लागू नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बिलावर इशारा छापावा लागतो की फक्त मिनिमम भरत राहिलात तर फेड लांबत जाईल आणि व्याजावर व्याज चढेल. पण इशारा वाचला का, हे विचारायला तिथे कोणी येत नाही. आणि तिथल्या अनेक कार्डांवर व्याजदर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, इथल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. त्याने ॲप उघडून आपला डायरेक्ट डेबिट, तिथला ऑटोपे, मिनिममवर लागला आहे का एवढंच आज बघावं.

तुम्ही मात्र आज रात्रीपुरतं एवढं करा: ऑनलाइन खरेदीच्या आणि टॅक्सीच्या ॲपमध्ये जतन केलेलं कार्ड काढून टाका, पाकिटातलं कार्ड त्या तीन पत्रांबरोबर ठेवा, आणि रविवारसाठी तो कोरा कागद त्यांच्यावर ठेवून द्या.